सिमसन खोलायच्या आधी टाकीवरचं नाव वाचा



इथे येनात मुलं चौदा-पंधराची झाली की घरात एक हट्ट सुरू होतो: "आई, जुनी सिमसन घेऊ या ना! गॅरेजमध्ये सगळी खोलून पुन्हा जोडू."

यामागे कारण आहे. थुरिंगियात 15व्या वर्षी मोपेडचं लायसन्स मिळतं. नव्या मोपेडला ताशी 45ची मर्यादा, पण 28 फेब्रुवारी 1992पर्यंत रस्त्यावर आलेल्या सिमसनला 60ची मुभा. दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हाच्या करारातली ही सवलत.

माझं मत विचाराल तर हो म्हणा, पण अटी घाला. प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा. नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवायचे. इंजिन उतरवण्याआधी गिअर ऑइल काढायचं. फ्लायव्हील हातोडीने ठोकायचं नाही, पुलर लावूनच काढायचं. आणि मोठा सिलिंडर अजिबात नाही! त्याने 60ची परवानगीही जाते आणि विम्याचाही घोळ होतो.

आणखी एक अट: टाकी उतरवायच्या आधी तिच्यावरचं नाव कुणाचं, ते मुलांना सांगायचं.

सिमसन हे एका ज्यू कुटुंबाचं आडनाव. 1856मध्ये दोन भावांनी थुरिंगियातल्याच सूल गावात कंपनी काढली. बंदुका, सायकली, पुढे मोटारीही बनवल्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याला शस्त्रं पुरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नाझी आले आणि थुरिंगियाचा नाझी प्रमुख फ्रिट्झ झाउकेल याने या कारखान्यावर डोळा ठेवला.

मी सीए आहे, त्यामुळे पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. दरोडा पडला तो हिशेबाच्या वहीतून. सरकारी कामात तुम्ही जादा नफा कमावला, असा आरोप ठेवला. 1935मध्ये आर्थर सिमसन यांना अटक झाली आणि कंपनी लिहून घेतली गेली. कागदावर सही होती, आकडे होते, शिक्के होते. 1936मध्ये कुटुंबाने देश सोडला आणि ते पुढे अमेरिकेत गेलं. कारखान्याला नाझी पुढारी गुस्टलॉफ याचं नाव मिळालं. त्याच गुस्टलॉफ कंपनीने बुखेनवाल्ड छळछावणीला लागून कारखाना काढून कैद्यांना राबवलं. ही जागा वायमारजवळ, म्हणजे आपल्या शेजारीच. मुलांची शाळेची सहल तिथे जाते. झाउकेलला 1946मध्ये न्यूरेंबर्गला फाशी झाली.

युद्धानंतर कारखाना आधी सोव्हिएत ताब्यात गेला, मग पूर्व जर्मन सरकारकडे. सिमसन हे नाव गाडीवर परत आलं, कुटुंब मात्र कारखान्यात परतलं नाही. 1964 ते 1986 मध्ये एकट्या 'श्वाल्बे'च्या दहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. आपल्याकडे जशी घरोघरी चेतक, तशी इथे श्वाल्बे.

जुनी गाडी घेताना आपण आधी कागद बघतो, आधीचा मालक कोण ते विचारतो. मुलांनाही तेच शिकवू या, आणि हेही सांगू या की कागद चोख असले म्हणून व्यवहार खरा असतोच असं नाही. आपण इथे बाहेरून आलेली माणसं. एखाद्याला "तू इथला नाहीस" ठरवलं की पुढे काय काय होऊ शकतं, हे आपल्या मुलांना इतरांपेक्षा आधी कळायला हवं.

सूलमध्ये वाहनांचं छान संग्रहालय आहे, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. आणि तुमच्या देशात मुलं कुठली जुनी गाडी खोलून बसली आहेत, तिच्यावर कुणाचं नाव आहे, तेही लिहा!