लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल

लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (लघुरूप: एलएसपी) हा कोड संपादक आणि भाषा-सर्व्हर यांच्यातील संदेशांचे स्वरूप ठरवणारा खुला प्रोटोकॉल आहे. भाषा-सर्व्हर म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेतील कोडचे विश्लेषण करणारी स्वतंत्र आज्ञावली. अर्धवट लिहिलेले नाव पूर्ण करणे (कोडपूर्ती), नावाची मूळ व्याख्या शोधणे, त्याचे सर्व वापर दाखवणे आणि चुका कळवणे या सोयी या प्रोटोकॉलद्वारे मिळतात. तो माणसांच्या हाती असलेल्या संपादकांसाठी आखला गेला. पुढे स्वतः कोड लिहिणारे एआय एजंटही भाषा-सर्व्हर वापरू लागले आणि या साधनांच्या दस्तऐवजीकरणाला नवा वाचक मिळाला.

इतिहास

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात टाइपस्क्रिप्ट व सी शार्प या भाषांचे सर्व्हर जोडले. त्या कामातून हा प्रोटोकॉल आकाराला आला. २७ जून २०१६ रोजी मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी तो संयुक्तपणे जाहीर केला. त्यापूर्वी प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक संपादकात स्वतंत्र जोडणी करावी लागे. १० भाषा आणि ८ संपादक असतील, तर ८० जोडण्या होत. सामाईक प्रोटोकॉलमुळे हे काम १० सर्व्हर आणि ८ ग्राहक, म्हणजे १८ घटकांवर आले. निओव्हिमने २०२१ मध्ये आणि ईमॅक्सने २०२३ मध्ये एलएसपीचा ग्राहक मूळ वितरणात समाविष्ट केला. गो भाषेसाठी गोपल्स, रस्टसाठी रस्ट-अ‍ॅनालायझर आणि सी व सी++ साठी क्लँगडी हे प्रसिद्ध भाषा-सर्व्हर आहेत.

कार्यपद्धती

संदेश जेसन-आरपीसी २.० या स्वरूपात पाठवले जातात. आरंभी ग्राहक व सर्व्हर आपापल्या क्षमता एकमेकांना कळवतात. कोडपूर्तीच्या विनंतीत फाइल, ओळ आणि ओळीतील स्थान दिलेले असते; उत्तरात पर्यायांची यादी येते. प्रत्येक पर्यायाला दर्शनी नाव असते. शिवाय प्रकार, स्पष्टीकरण आणि प्रत्यक्ष घालावयाचा मजकूर ही माहितीही देता येते.

ओळ व स्थान ० पासून मोजले जातात. त्यामुळे संपादकाच्या पडद्यावरील दहावी ओळ संदेशात ९ असते. स्थानाचे मूळ एकक यूटीएफ-१६ संकेतनातील एकक हे आहे. २०२२ मधील ३.१७ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-३२ हे पर्यायही परस्परसंमतीने निवडता येतात. संदेशाची लांबी मात्र बाइटमध्येच सांगितली जाते.

देवनागरी मजकुरात हा भेद ठळकपणे जाणवतो. ‘पुस्तक’ या शब्दात वाचकाला पु, स्त, क अशी तीन अक्षरे दिसतात. यूटीएफ-१६ मध्ये मात्र त्याची ६ एकके होतात आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. ओळीत हा शब्द आधी आला असता एककांऐवजी बाइट मोजले, तर पुढचे स्थान १२ ने चुकते आणि सर्व्हर भलत्याच जागेसाठी पर्याय सुचवतो.

एआय एजंटांसाठी दस्तऐवजीकरण

माणूस कोडपूर्तीची यादी डोळ्यांनी पाहतो आणि दस्तऐवजात न लिहिलेले बरेच काही अनुभवाने भरून काढतो. एजंटाजवळ केवळ लिखित वर्णन आणि सर्व्हरचे उत्तर असते. म्हणून पुढील बाबी त्याच्यासाठीच्या दस्तऐवजात स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक ठरते.

• अपूर्ण यादी: सर्व्हर यादी ‘अपूर्ण’ अशी खूण करून पाठवू शकतो. माणूस पुढे टंकत राहतो व यादी बदलते. एजंट मात्र यादीत नसलेले नाव अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढू शकतो.
• कालबाह्य पर्याय: संपादक असे नाव सहसा खोडून दाखवतो. एजंटाला ती रेघ दिसत नाही. त्याने पर्यायासोबतची खूण वाचली पाहिजे.
• उघडी फाइल: ग्राहकाने फाइल उघडल्याचे कळवले की ती बंद होईपर्यंत तिचा खरा मजकूर ग्राहकाने पाठवलेला मानला जातो, डिस्कवरचा नव्हे. एजंटाने बदल थेट डिस्कवर केला व सर्व्हरला कळवले नाही, तर उत्तर जुन्या मजकुराविषयी येते.
• घालावयाचा मजकूर: तो दर्शनी नावाहून वेगळा असू शकतो. त्यात रिकाम्या जागांच्या खुणा असल्यास त्या जशाच्या तशा कोडमध्ये उतरण्याचा धोका असतो.

अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधनाचे नाव, वर्णन आणि निविष्टींची रचना एजंटाला थेट पुरवली जाते. येथे दस्तऐवज हा साधनाचाच भाग होतो. गोपल्समध्ये या प्रोटोकॉलसाठी प्रायोगिक सोय आहे. तिच्यासोबत मॉडेलसाठी लिहिलेल्या सूचना असून त्या जोडणीच्या वेळी आपोआप पाठवल्या जातात. वेगळ्या फाइलमध्येही उतरवून घेता येतात. त्यांत सुट्या साधनांच्या माहितीबरोबर कामाचा क्रमही दिला आहे: व्याख्या बदलण्यापूर्वी तिचे वापर शोधावेत, बदलानंतर चुका तपासाव्यात.

मर्यादा

एजंट सलग कोड स्वतःच रचत असल्याने त्याला कोडपूर्तीपेक्षा व्याख्या, वापर आणि चुकांची माहिती अधिक उपयोगी पडते. दस्तऐवज जितका मोठा, तितकी मॉडेलच्या संदर्भमर्यादेतील जागा अधिक व्यापली जाते. त्यामुळे नेमकेपणाइतकेच संक्षेपालाही मोल आहे. बाहेरच्या कोडसंग्रहांतील स्पष्टीकरणे सर्व्हरमार्फत एजंटापर्यंत पोहोचतात. त्यांत हेतुपुरस्सर पेरलेला मजकूर एजंट आदेश समजण्याची शक्यता असल्याने ही स्पष्टीकरणे आज्ञा नसून माहिती आहेत, हे वेगळे सांगावे लागते. तसे सांगितल्याने धोका पूर्णपणे टळत नाही.

हेही पाहा

• मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल
• व्हिज्युअल स्टुडिओ कोड
• युनिकोड