रुंबा : नाव आणि नृत्य

नृत्यस्पर्धांतून ‘रुंबा’ या नावाने जे युगुलनृत्य सादर होते, ते संथ असते. चार मात्रांची मिनिटाला २५ ते २७ आवर्तने एवढीच त्याची गती. कमरेची मंद हालचाल आणि प्रणयाराधनाचा भाव ही त्याची लक्षणे होत. ते मूळचे क्यूबाचे, असे सांगितले जाते व ते खरेही आहे. तथापि, ज्या नृत्याचे नाव त्याने धारण केले, त्याच्याशी त्याचे नाते फार दूरचे आहे.

क्यूबातील रुंबा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाना व मातांसास या बंदरांतील आफ्रिकी वंशाच्या श्रमिकांच्या वस्त्यांत वाढली. तिला साथ ढोलांची, लाकडी पेट्यांची आणि क्लावे नामक दोन दांडक्यांची. गिटारला तीत स्थान नाही. यांबू, ग्वाग्वांको व कोलुंबिया हे तिचे तीन प्रमुख प्रकार. पैकी कोलुंबिया एकट्यानेच नाचावयाचा. ग्वाग्वांकोत जोडी असते, परंतु परस्परांना धरून नव्हे : पुरुषाने झडप घालावी व स्त्रीने ती चुकवावी, असा तो खेळ आहे.

संथ नृत्याचे बीज अन्यत्र, बेटाच्या पूर्वेकडील सांतियागो शहरात, सापडते. तेथे १८८० नंतरच्या दशकात पेपे सांचेस या शिंपीकाम करणाऱ्या गायकाने ‘त्रिस्तेसास’ हे गीत गिटारवर रचले; पहिला बोलेरो म्हणून त्याचाच निर्देश केला जातो. स्पेनमधील त्याच नावाचे नृत्य तीन मात्रांचे, हा दोन मात्रांचा. पुढे त्रिओ मातामोरोस या गायकत्रयीने त्याची ‘सोन’ या नृत्यसंगीताशी सांगड घातली. नृत्यगृहांतील रुंबेचे खरे पूर्वज हे बोलेरो आणि सोन होत.

नावाची अदलाबदल झाली ती न्यूयॉर्कमध्ये. १९३० साली डॉन आस्पियासू यांच्या वाद्यवृंदाने मोइसेस सिमोन्स यांचे ‘एल मानिसेरो’ ध्वनिमुद्रित केले. शेंगदाणे विकणाऱ्याच्या हाकेवर बेतलेले ते सोन. तबकडीवर मात्र ‘रुंबा फॉक्स-ट्रॉट’ असे छापले गेले. विक्रेत्यांना अचूकतेपेक्षा सुटसुटीत नाव हवे असावे. त्या काळच्या तबकड्यांच्या याद्या चाळताना ‘रुंबा’ हा शब्द दिसताच ढोल ऐकू येऊ लागले, तर अभ्यासकाची फसगत होते. उलट ज्यांचे ते नाव होते, ते वस्त्यांतील नर्तक या याद्यांत बहुधा आढळतच नाहीत.

लंडनचे नृत्यशिक्षक पिअर १९४७ साली क्यूबास गेले. इंग्लंडमध्ये शिकविली जाणारी चौकोनी पदरचना त्यांना तेथे आढळली नाही. नर्तक दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकीत. परतल्यावर त्यांनी पावले बदलली, आणि त्यावरून शिक्षकांत दीर्घ वाद माजला. नावाबद्दल मात्र वाद झाला नाही. युनेस्कोच्या वारसायादीत २०१६ साली दाखल झाली ती ढोलांचीच रुंबा; बोलेरोची स्वतंत्र नोंद क्यूबा व मेक्सिको यांच्या नावे २०२३ साली झाली.