'गेम ऑफ थ्रोन्स'मधली डेनेरिस अचानक बदलली का? चाहते व्यक्तिरेखांचा प्रवास कसा वाचतात

(मालिका अजून पाहिली नसेल, तर पुढच्या मजकुरात शेवट उघड केला आहे.)

१२ मे २०१९ रोजी अमेरिकेत 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटून दुसरा भाग प्रसारित झाला. किंग्ज लँडिंग ही राजधानी शरण आली, शरणागतीच्या घंटा वाजल्या आणि त्यानंतर डेनेरिस टार्गेरियनने ड्रॅगनवर बसून अख्खं शहर जाळलं. त्यात सैनिकांबरोबर गल्ल्यांमधून पळणारी साधी माणसं होती, लहान मुलं होती. गुलामांना मुक्त करणारी राणी म्हणून प्रेक्षकांनी तिला वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं होतं. अमेरिकेत तर 'खलीसी' या तिच्या पदवीवरून शेकडो मुलींची नावं ठेवली गेली होती.

शेवटचा सीझन नव्याने बनवावा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. त्याच सीझनला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. या गदारोळात एक शब्द सारखा ऐकू येत होता, तो म्हणजे कॅरेक्टर आर्क.

कॅरेक्टर आर्क म्हणजे काय?

कथेच्या सुरुवातीला एखादं पात्र जसं असतं तिथपासून शेवटी ते जसं होतं तिथपर्यंतचा त्याचा आतला प्रवास, म्हणजे कॅरेक्टर आर्क. मराठीत याला व्यक्तिरेखेचा आलेख म्हणता येईल. राजा मेला, युद्ध झालं, लग्न मोडलं, या घटना झाल्या. त्या घटनांमुळे माणसाला काय हवंसं वाटू लागलं, कशाची भीती गेली, कोणती गोष्ट करायला तो आता धजावतो, हा आलेख. तो नेहमी वर चढतो असं नाही, घसरणीचाही आलेख असतो. काही पात्रं तर बदलतच नाहीत, फक्त त्यांच्याभोवतीचं जग बदलतं.

'गेम ऑफ थ्रोन्स' या अभ्यासासाठी सोयीची ठरली ती तिच्या आकारामुळे. २०११ ते २०१९ या काळात आठ सीझन आणि ७३ भाग झाले, म्हणजे एकेका पात्राला बदलायला भरपूर वेळ मिळाला. शिवाय ती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारित होती आणि या कादंबऱ्यांमधलं प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून सांगितलेलं असतं. जेमी लॅनिस्टर पहिल्या दोन पुस्तकांत फक्त दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतो. तो उर्मट आहे, राजाचा मारेकरी आहे, त्याने एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून दिलेलं आहे. तिसऱ्या पुस्तकात त्याची स्वतःची प्रकरणं सुरू होतात आणि वाचकाला आपलं मत तपासावं लागतं. तिथे पात्र जितकं बदलतं, तितकाच वाचकही बदलतो.

डेनेरिस: खुणा होत्या, मग तक्रार कसली?

घंटांच्या त्या भागानंतर चाहते दोन गटांत विभागले गेले. एका गटाने जुने सीझन पुन्हा पाहून पुरावे काढले. पहिल्या सीझनमध्ये भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जातं, तेव्हा ती शांत चेहऱ्याने पाहत राहते. त्याच सीझनच्या शेवटी ती एका स्त्रीला चितेवर जिवंत जाळते. मीरीन शहर जिंकल्यावर ती १६३ मालकांना खांबांवर खिळवून मारते. त्यांनी १६३ गुलाम मुलांना तसंच मारलेलं असतं. पुढे त्या मालकांपैकी एकाचा मुलगा तिला सांगतो, की आपल्या वडिलांनी मुलांच्या हत्येला विरोध केला होता. सातव्या सीझनमध्ये गुडघे टेकायला नकार देणाऱ्या रँडिल टार्ली आणि त्याच्या मुलाला ती ड्रॅगनकरवी जाळते. तिचे वडील एरिस हे तर 'वेडा राजा' म्हणूनच ओळखले जात आणि त्यांनाही आगीचंच वेड होतं.

पुरावे खरे आहेत, यात शंका नाही. दुसऱ्या गटातल्या बहुतेकांनी ते नाकारलेही नाहीत. डेनेरिस असं कधीच करणार नाही, असं म्हणणारेही काही होते, पण विचार करून लिहिणाऱ्यांचा आक्षेप वेगळा होता: पूर्वसूचना म्हणजे विकास नव्हे.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. पूर्वसूचना प्रेक्षकासाठी असते, पुढे काय होऊ शकतं याची चाहूल ती देते. विकास पात्राच्या आत घडतो. मालकांना मारणारी डेनेरिस क्रूर आहे, पण तिच्या क्रूरतेला एक दिशा आहे. बळजबरी करणाऱ्यांवर ती तुटून पडते आणि दुबळ्यांच्या बाजूने उभी राहते. किंग्ज लँडिंगमध्ये हीच दिशा उलटते, तिची आग पहिल्यांदाच तिला शरण आलेल्या गोरगरिबांवर पडते. इथे क्रूरतेचं माप वाढलं एवढंच घडलेलं नाही, तिची जात बदलली आहे. तो बदल नेमका कुठे झाला, हे प्रेक्षकाला दिसायला हवं होतं.

मालिकेने कारणं दिली. दोन ड्रॅगन मेले, जिवलग मैत्रीण मिसांडेचा शिरच्छेद झाला, सिंहासनावर जॉन स्नोचा हक्क तिच्यापेक्षा मोठा निघाला, वेस्टेरोसमध्ये कुणी तिला आपलं मानलं नाही. पण पहिल्या सहा सीझनमध्ये प्रत्येकी दहा भाग होते, सातव्यात सात आणि आठव्यात फक्त सहा. इतकी मोठी घसरण जेमतेम दोन भागांत उरकली गेली. आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या लक्षात आली: ती शहर जाळायला सुरुवात करते, त्यानंतर त्या भागात कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातच नाही. पुढचं सगळं आपण खालून, मरणाऱ्यांच्या बाजूने पाहतो. दिग्दर्शनाचा निर्णय म्हणून तो प्रभावी आहे, कारण युद्ध खालूनच दिसायला हवं. पण ज्या क्षणी तिच्या मनात काय चाललंय हे कळायला हवं होतं, त्याच क्षणी ती पडद्यावरून नाहीशी होते.

पुरावे शोधण्याची सवयही इथे आड आली असावी. जॉन स्नोच्या आईवडिलांचं कोडं पुस्तकाच्या वाचकांनी बारीक धाग्यांवरून फार आधीच सोडवलं होतं आणि २०१६ मध्ये सहाव्या सीझनच्या शेवटी ते उत्तर बरोबर ठरलं. पण जन्माचं रहस्य धाग्यादोऱ्यांवरून सिद्ध होतं, माणसाचं मन तसं होत नाही. दहा संशयास्पद प्रसंग दाखवले म्हणून अकरावा आपोआप पटत नाही.

जेमी: परतलेला की कधी गेलाच नव्हता?

जेमीवरचा वाद जास्त गुंतागुंतीचा आहे आणि खरं तर जास्त रंजकही. तिसऱ्या सीझनमध्ये त्याचा तलवारीचा हात छाटला जातो. त्यानंतर स्नानगृहातल्या प्रसंगात तो ब्रिएनला सांगतो, की वेड्या राजाने शहराखाली स्फोटक द्रव्य साठवून सगळ्यांना जाळायचा बेत केला होता, म्हणून आपण त्याला मारलं. ज्या कृत्यासाठी जग त्याच्यावर थुंकतं, ते त्याच्या आयुष्यातलं सर्वात चांगलं कृत्य असतं. तिथून त्याचा प्रायश्चित्ताचा प्रवास सुरू झाला, असं प्रेक्षकांनी मानलं. आठव्या सीझनमध्ये तो ब्रिएनला सरदारकी देतो, तो प्रसंग या प्रवासाचं शिखर वाटतो. दोनच भागांनी तो तिला रडत सोडून सर्सीकडे परततो आणि तिच्यासोबतच ढिगाऱ्याखाली मरतो.

काही चाहत्यांनी याचा अर्थ व्यसनासारखा लावला. माणूस सुटतो, सुटतो आणि पुन्हा तिथेच जातो. हे वाचन टिकणारं आहे, कारण सर्सीची ओढ त्याच्यात शेवटपर्यंत होती. पण मरणाआधी तो टिरियनला म्हणतो, की निरपराध लोकांची त्याला कधी फारशी पर्वा नव्हतीच. तिथे हे वाचन अडतं. मग स्नानगृहातली ती कबुली कुणाची होती? गंमत म्हणजे जे द्रव्य पेटू नये म्हणून त्याने राजाला मारलं होतं, त्याचे हिरवे लोळ शेवटी शहरात उठताना दिसतात आणि पटकथेत त्याचा उल्लेखही येत नाही. पुस्तकात तर सर्सीचं मदतीसाठीचं पत्र जेमी चौथ्या भागातच आगीत टाकतो.

थिऑन: जिथे वाद झाला नाही

थिऑन ग्रेजॉयने ज्या घरात वाढला त्या स्टार्क घराण्याशी गद्दारी केली, दोन निरपराध पोरं मारली. नंतर रॅमसीच्या छळाने त्याचं नावही हिरावलं गेलं आणि तो 'रीक' झाला. शेवटी तो विंटरफेलला परत येतो आणि एकेकाळी ज्या ब्रॅनच्या मुळावर उठला होता, त्याचंच रक्षण करताना मरतो. यावर कुणी फार भांडलं नाही. तोही आठव्याच सीझनमध्ये, त्याच घाईत मेला, तरी त्याचा आलेख पटला, कारण त्याच्या प्रत्येक टप्प्याला वेळ मिळाला होता. मधे तो घाबरून पळतोही आणि ते पळणंही दाखवलेलं आहे. पाचव्या पुस्तकात मार्टिन यांनी हे प्रकरणांच्या शीर्षकांतूनच केलं आहे. आधी 'रीक', मग काही उपाध्या आणि अगदी शेवटच्या प्रकरणाला 'थिऑन'.

सान्साच्या बाबतीत मात्र उलट झालं. आपल्यावर अत्याचार झाले नसते तर आपण लहानशी चिमणीच राहिलो असतो, असं शेवटच्या सीझनमध्ये तिच्या तोंडी घातलं गेलं. यातना म्हणजेच विकास, असा त्याचा अर्थ निघतो म्हणून अनेक स्त्री प्रेक्षक संतापल्या. सान्सा राजकारण शिकली ती पाहून, ऐकून आणि गप्प राहून, आणि हे सगळं मालिकेनेच आधी दाखवलेलं होतं.

आता पुस्तकांकडे डोळे

मालिका मूळ पुस्तकांच्या पुढे निघून गेल्यामुळे हा वाद अजून धुमसतो. पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं, सहावं अजून आलेलं नाही. त्या पानांवर डेनेरिस अजून डोथ्राकींच्या गवताळ प्रदेशातच आहे आणि जेमी ब्रिएनसोबत घोड्यावरून कुठेतरी निघून गेला आहे.