मैदान आणि मतपत्रिका

सन १९३७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांत नव्या कायद्याप्रमाणें विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यांतील मालवण व वेंगुर्लें येथील ज्या रहिवाशांना मताधिकार होता, त्यांना त्या वेळीं आपला प्रतिनिधि निवडतां आला. या बंदरांपासून थोड्याच कोसांवर असलेल्या सावंतवाडीच्या रहिवाशाला मात्र या निवडणुकींत कांहींच स्थान नव्हतें. कारण सावंतवाडी हें संस्थान होतें, आणि इंग्रजी मुलखांतील कायदा त्याच्या वेशीपाशीं थांबत असे. भाषा एक, दैवतें एक, सोयरीकहि एकमेकांत. परंतु नागरिकाच्या हक्काच्या बाबतींत सह्याद्रीच्या एकाच उतारावरील शेजारी गांवांमध्यें एवढें अंतर होतें.

यावरून सावंतवाडीची प्रजा दुःखांत होती असें मात्र समजूं नये. १९२४ ते १९३७ या काळांत राज्य करणारे बापूसाहेब महाराज यांचा लौकिक प्रजावत्सल राजा म्हणून दूरवर पसरला होता, आणि महात्मा गांधींनीं त्यांच्या कारभाराला रामराज्याची उपमा दिल्याचें कोंकणांत आजहि अभिमानानें सांगितलें जातें. घाटापलीकडे कोल्हापुरांतहि असाच अनुभव होता. शाहू छत्रपतींनीं १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागाराचे अवशेष पाहिले, आणि पुढें दहा वर्षांनीं खासबागेंतील कुस्तीचें मैदान उभें राहिलें. शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यालाहि आखाड्यांतील पेंच स्पष्ट दिसावा, अशी त्याच्या उतरत्या बैठकीची रचना आहे. राजा उदार आणि रसिक असला म्हणजे रयतेच्या वांट्याला काय येऊं शकतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

तथापि या औदार्याला एक मर्यादा होती. संस्थानच्या खजिन्यांतील पैसा रयतेच्या साऱ्यांतून आलेला असे; परंतु तो तलावावर खर्च करावा, शाळेवर करावा कीं मैदानावर करावा, हें रयतेला विचारण्याचें बंधन राजावर नव्हतें. चांगला राजा ही दैवाची देणगी होती. राजा बदलला म्हणजे देणगीहि बदलावयाची. लोकांच्या पैशानें उभारलेली वास्तु आणि लोकांचें मत यांचा संबंध कसा जुळत गेला, हें पाहण्यासाठीं मुंबईकडे वळलें पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून आगबोटीनें हजारों चाकरमानी ज्या शहराकडे गेले, त्या शहराचा इतिहास हा निम्मा कोंकणाचाच इतिहास आहे.

मुंबईंत या प्रश्नाला तोंड फुटलें तें बांधकामांच्या खर्चावरूनच. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनीं गटारें, रस्ते व बाजार यांचीं कामें मोठ्या धडाडीनें हातीं घेतलीं. त्यांच्या नांवाची मंडई त्याच काळांतली. शहर स्वच्छ झालें हें खरें, पण म्युनिसिपालिटीवर कर्जाचा बोजा चढला, आणि तो फेडण्यासाठीं करांचा बोजा नागरिकांवर आला. खर्च करणारा अधिकारी सरकारनें नेमलेला आणि देखरेख करणारे जस्टिस ऑफ दि पीस तेहि सरकारनेंच नेमलेले. मग कर भरणाऱ्यानें दाद कोणापाशीं मागावी? १८७१ सालीं करदात्यांनीं मोठी चळवळ केली. तरुण फिरोजशहा मेहतांनीं त्या वेळीं मांडलेला विचार महत्त्वाचा होता. कर्तबगार अधिकाऱ्याचे हात बांधून कांहीं साधणार नाहीं. त्याच्यावर देखरेख करणारी सभा करदात्यांनीं निवडलेली असली पाहिजे, हा त्याचा सारांश. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांपैकीं ३२ निवडण्याचा हक्क करदात्यांना मिळाला.

हा हक्क कोणाचा होता, हें मात्र विसरतां कामा नये. वर्षाला ५० रुपये कर भरणारालाच मत होतें. शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या घरांत असतां अशा मतदारांची संख्या मूठभरच होती. १८८८ च्या कायद्यानें ही अट ३० रुपयांवर आली व विद्यापीठाच्या पदवीधरांनाहि मत मिळालें. तरीहि चाळींतील एका खोलींत राहणारा गिरणीकामगार त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर राहिला. घरमालक कर भरी तो भाडेकऱ्याच्या पैशांतून. मत मात्र मालकाचें.

याच काळांत मैदानाचाहि तंटा उभा राहिला. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर पारशी व हिंदु तरुण क्रिकेट खेळत. १८७५ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन सभासद त्याच जागेवर घोड्यांवरून पोलो खेळूं लागले, आणि टापांनीं उखडलेल्या जमिनीवर चेंडू सरळ येईनासा झाला. देशी खेळाडूंनीं १८८१ सालीं सरकारकडे अर्ज केला. सरकारनें प्रथम त्यांच्या बाजूनें हुकूम दिला, पण पुढें जिमखान्याच्या आग्रहापुढें तो टिकला नाहीं. शापुरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या लढ्याची हकीकत नोंदवून ठेविली आहे. मैदान सरकारच्या ताब्यांतील होतें, म्हणून करदात्यांचें मत तेथें चालत नसे. अर्जदाराजवळ विनंतीखेरीज दुसरें साधन नव्हतें, आणि विनंतीवर मिळालेला हुकूम दुसऱ्या विनंतीनें फिरविला गेला.

त्यानंतर सरकारनें समुद्रकांठीं नवी जागा देण्यास आरंभ केला. परंतु ती दिली धर्मवार. पारशांचा जिमखाना निराळा, मुसलमानांचा निराळा, हिंदूंचा निराळा. १८९० ते १८९५ या काळांत गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस स्वतः नामांकित क्रिकेटपटु होते, आणि त्यांच्याच कारकीर्दींत १८९४ सालीं हिंदु जिमखान्याचें उद्घाटन झालें. मेहरबानीनें दिलेली जमीन देणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणेंच वांटली जाते. पुढें अर्धशतकभर मुंबईचे मोठे सामने धर्मवार संघांतच झाले. १९४० सालीं गांधींनीं या पद्धतीबद्दल नापसंती व्यक्त केली, आणि १९४६ सालीं ते सामने कायमचे बंद झाले.

हिंदूंच्या संघांतहि सर्व हिंदूंना सारखें स्थान नव्हतें. बाळू पालवणकर यांचें घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें. ते चांभार जातीचे, आणि डाव्या हातानें चेंडू टाकण्यांत त्यांच्या तोडीचा गोलंदाज त्या काळीं हिंदुस्थानांत क्वचितच असेल. पुण्यांत त्यांच्या संघांतील मंडळी मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घेत, पण चहाच्या वेळीं त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदु संघाचें नायकत्व त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें.

त्याच सुमारास म्युनिसिपालिटीचीं दारें थोडीं रुंद झालीं. १९२२ च्या दुरुस्तीनें दरमहा १० रुपये भाडें देणाऱ्या भाडेकऱ्याला मत मिळालें, आणि १०६ सभासदांपैकीं ७६ निवडून येऊं लागले. गिरणगांवांतील बहुतेक खोल्यांचें भाडें याहून कमी असल्यामुळें कामगार अजून बाहेरच होता. पण गिरगांव-दादरचा कारकून, शिक्षक, छापखान्यांतील माणूस आंत आला. याच निवडणुकींत स्त्रियाहि निवडून आल्या. सरोजिनी नायडू व अवंतिकाबाई गोखले यांची नांवें त्यांत ठळक आहेत. चंपारणांत गांधींबरोबर काम करून आलेल्या अवंतिकाबाईंनीं १९१८ सालीं हिंद महिला समाज स्थापन केला होता. आतां त्या शहराच्या कारभारांत बसल्या.

या व्यापक झालेल्या मताचें फळ दादरच्या लोकांना लवकरच दिसलें. १९२५ सालीं कॉर्पोरेशननें तेथें सुमारें २८ एकरांचें मैदान लोकांसाठीं खुलें केलें. त्याचें नांव होतें माहीम पार्क. १९२७ सालीं अवंतिकाबाईंच्या मागणीवरून त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. ज्या मैदानासाठीं विनवण्या कराव्या लागल्या तें सरकारचें होतें. हें मैदान करदात्यांच्या सभेचें होतें, आणि म्हणून त्याचें नांवहि त्या सभेंतील एका निवडून आलेल्या स्त्रीच्या शब्दानें ठरलें. तेथें धर्माची चौकशी नव्हती कीं सभासदत्वाची वर्गणी नव्हती. मालवणांत जन्मलेले रमाकांत आचरेकर यांनीं पुढें याच मैदानावर पिढ्यांमागून पिढ्या खेळाडू घडविले, आणि सचिन तेंडुलकर त्यांतलेच. भोंवतालच्या कट्ट्यावर बसून सामना पाहण्यास पैसा पडत नाहीं, ही त्या मैदानाची खरी श्रीमंती होय.

तथापि ज्याला १० रुपये भाडें देण्याची ऐपत नव्हती त्याचें काय? हा प्रश्न ज्यांनीं सर्वांत नेटानें धरला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें त्यांनीं अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मत मिळावें अशी मागणी केली. मालमत्तेची अट ज्यांना सर्वांत अधिक संरक्षणाची गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवते, हें त्यांचें म्हणणें होतें. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईच्या राखीव जागेसाठीं ते उभे राहिले, तेव्हां त्यांच्याविरुद्ध काँग्रेसनें उभे केले ते बाळू पालवणकरच. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. निकाल कांहींहि असो. ज्या माणसाला मैदानावर चहाचा पेला निराळा मिळाला होता, तो मतपत्रिकेवर इतरांच्या ओळींत आला, ही गोष्ट त्या दिवशीं सिद्ध झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्रेबोर्न स्टेडियमचें उद्घाटन झालें. जमीन समुद्र हटवून सरकारनें मिळविलेली, मालकी मात्र क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या खाजगी संस्थेची. तेथील प्रेक्षागार देखणें होतें, पण जागांच्या वांटपाचा अधिकार क्लबाकडे राहिला, आणि त्यावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनशीं वर्षानुवर्षें कुरबुर चालली. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष व त्या वेळचे विधानसभेचे सभापति शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें जवळच दुसरें स्टेडियम उभें राहिलें, आणि जानेवारी १९७५ मध्यें तेथें वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. सभापति आणि असोसिएशनचे अध्यक्ष एकच असल्यामुळें काम वेगानें झालें. पण अशा वेळीं लोकांच्या प्रतिनिधीवर लोकांची नजर अधिक तीक्ष्ण असावी लागते, हा धडाहि त्यांत आहे.

मुंबई कॉर्पोरेशनची निवडणूक १९४८ सालीं प्रथमच प्रौढ मताधिकारानें झाली. त्याच वर्षीं सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत सावंतवाडीच्या रहिवाशानें मालवणच्या रहिवाशाबरोबरच मत दिलें. संस्थानचे राजे शिवरामराजे भोंसले हेहि पुढें लोकांकडे मत मागून विधानसभेंत गेले. एका पिढीपूर्वीं जी प्रजा राजाकडे मागणें मागत होती, तिच्याकडे आतां राजा मागणें घेऊन आला.

यानंतर मताचा हक्क पुरा झाला, आतां काळजीचें कारण नाहीं, असें वाटणें साहजिक आहे. परंतु हक्क कागदावर शाबूत असूनहि तो बजावण्याची वेळ पुढें ढकलली जाऊं शकते. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. त्याच अवधींत, २०२४ सालीं, महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांतील १२० एकर जमिनीवर सार्वजनिक उद्यान करण्याचा आणि उरलेली जमीन शर्यतीच्या क्लबाकडे ठेवण्याचा निर्णय झाला. निर्णय बरा कीं वाईट, याबद्दल शहरांत दोन मतें होतीं. पण तीं ज्या सभागृहांत मांडावयाचीं तें सभागृहच त्या वेळीं अस्तित्वांत नव्हतें. १८७१ सालच्या करदात्यांना हा प्रसंग अगदीं ओळखीचा वाटला असता.

लहान गांवांतहि आज क्रीडासंकुलाची, स्टेडियमची मागणी होते, आणि ती योग्यच आहे. मुलांना धांवण्यास जागा हवी. अशा वेळीं चार प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे: जमीन कोणाच्या नांवावर राहणार, देखभालीचा खर्च दरवर्षीं कोठून येणार, फाटकाची किल्ली कोणाकडे असणार, आणि ज्याच्याजवळ तिकिटाला पैसा नाहीं त्या मुलाला आंत खेळतां येणार कीं नाहीं. या प्रश्नांचीं उत्तरें बांधकाम सुरू होण्यापूर्वीं मिळालीं तर त्यांचा उपयोग. पायाचा दगड बसल्यावर ते विचारणें म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालण्यासारखें आहे.

बापूसाहेबांच्या सावंतवाडींत हे प्रश्न विचारण्याची गरज कदाचित् भासली नसेल, कारण उत्तर देणारा राजा भला होता. आज उत्तर देणारा भला असेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. पण त्याला उत्तर देणें भाग पाडील असें मत मात्र आतां सावंतवाडीच्या प्रत्येक प्रौढ माणसापाशीं आहे.