जामीन ते स्वयं-साक्षांकन : उमेदवाराच्या कागदपत्रांचा इतिहास

महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या मुलाखतीला जाणारा उमेदवार शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, अधिवासाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला, या सर्वांच्या छायाप्रती व छायाचित्रे फायलीत क्रमवार लावून नेतो. अनोळखी माणसाला कामावर घेताना कोणाच्या शब्दावर विसंबायचे, या प्रश्नाची प्रशासनाने वेगवेगळ्या काळी जी उत्तरे शोधली, ती या फायलीत एकावर एक साचलेली आहेत.

पेशवाईत हा प्रश्न कागदापेक्षा माणसांच्या आधारे सोडवला जाई. कुलकर्णी, देशपांडे यांची कामे वतनाने, म्हणजे वंशपरंपरागत हक्काने चालत. ज्याला वतन नाही अशा कारकुनाला मात्र वजनदार माणसाची शिफारस आणि जामीन, म्हणजे त्याच्या वर्तनाची व त्याच्या हाती जाणाऱ्या पैशाची हमी घेणारी व्यक्ती, यांची गरज भासे. मोडीचे वळण आणि हिशेबातील सफाई यांची पारख प्रत्यक्ष कामातच होई. इंग्रजी अमलाच्या आरंभीही कचेरीत बिनपगारी उमेदवारी करून जागा रिकामी होण्याची वाट पाहण्याची रीत होती.

1844 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक, म्हणजे प्रवेश परीक्षा झाली. परीक्षेचे प्रमाणपत्र हळूहळू शिफारशीच्या जोडीला आले आणि पुढे तिच्यापेक्षा वरचढ ठरले. शाळेच्या दाखल्याला तर शिक्षणाबाहेरचेही महत्त्व आले; जन्मनोंदणीचा 1886 चा कायदा प्रामुख्याने ऐच्छिक नोंदणीचा असल्याने आणि देशभर सक्तीची नोंदणी 1969 च्या कायद्याने आल्याने, पिढ्यान् पिढ्या शाळेच्या नोंदवहीतली जन्मतारीख हाच वयाचा व्यवहारातील मुख्य पुरावा राहिला.

मूळ प्रमाणपत्र एकच आणि अर्ज अनेक, या अडचणीतून नकलेचा प्रश्न उभा राहिला. नक्कल हाताने उतरवलेली किंवा टंकलिखित असे, तेव्हा तीत आकडा बदलणे सोपे होते. म्हणून मूळ कागदाशी ती ताडून ‘खरी नक्कल’ असा शेरा, सही व शिक्का देण्याचे काम राजपत्रित अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्याची नेमणूक शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होते अशा अधिकाऱ्याकडे आले. यालाच साक्षांकन म्हणतात. झेरॉक्स यंत्रे गल्लोगल्ली आल्यावर नक्कल मूळ कागदाचे हुबेहूब चित्र झाली, तरी साक्षांकनाची अट टिकली. तिचा भार सर्वांवर सारखा नव्हता: ज्याच्या नात्यात वा ओळखीत अधिकारी होता त्याचे काम घरबसल्या होई, तर खेड्यातल्या उमेदवाराला तालुक्याच्या कचेरीसमोर तिष्ठत राहावे लागे. साक्षांकनाचा अधिकार दिलेल्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्यांच्या शिक्क्यामुळे ही वाट थोडी सुकर झाली, परंतु प्रमाणपत्राने मागे सारलेली ओळखपाळख साक्षांकनाच्या दाराने पुन्हा आत आली होती.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2009 च्या अहवालात कार्यपद्धती सोपी करण्यासाठी स्वयंप्रमाणनाची शिफारस केली. महाराष्ट्र शासनाने 9 मार्च 2015 च्या निर्णयाने स्वयंघोषणापत्र आणि स्वयं-साक्षांकन, म्हणजे छायाप्रतीवर अर्जदाराचीच सही, स्वीकारले. केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ, अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच बंद केली; तेथे निवड लेखी परीक्षेवर आणि आवश्यक तेथे कौशल्य चाचणीवर होऊ लागली, कागदपत्र पडताळणी मात्र कायम राहिली.

या बदलाने अविश्वास संपला असे म्हणता येत नाही. त्याची वेळ आणि त्याचा भार बदलला. पूर्वी अर्जाच्या पायरीवरच प्रत्येकाला त्रयस्थाची साक्ष आणावी लागे. आता निवडीच्या टप्प्यावर पोहोचलेल्यांचेच मूळ कागद तपासले जातात आणि खोट्या घोषणेची शिक्षा सही करणाऱ्याला भोगावी लागते. जामीनदाराने एके काळी दुसऱ्यासाठी घेतलेली जोखीम अशा रीतीने उमेदवाराच्या स्वतःच्या सहीत सामावली. त्यामुळे ज्याच्यामागे वजनदार ओळख नाही, त्याला अर्जाच्या पहिल्या पायरीवर तरी कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागत नाही.