परतणार नसल्याचं प्रतिज्ञापत्र

गंडीपेट तलावाजवळच्या चिलकूर बालाजीला हैदराबादेत ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. नवस बोलताना 11 प्रदक्षिणा, काम झालं की 108. पण व्हिसा हा नुसता दारापर्यंतचा कागद. आत कशासाठी आणि किती दिवस राहायचं, ते दुसरा कागद ठरवतो, आणि त्याचा देव या शहराला अजून सापडलेला नाही. अमेरिकेत पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपली तरी आय-94 नोंदीतली तारीख शिल्लक असेल तर माणूस नियमातच असतो. सौदीला व्हिसावर उतरायचं, मग वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, आणि त्यानंतर हाती पडतो तो इकामा, म्हणजे निवास परवाना. हैदराबादच्या टोलीचौकीत त्याला ‘अकामा’ म्हणतात.

या दुसऱ्या कागदाची एक शाखा खुद्द हैदराबादेतच रुजलेली आहे. पहिले सालारजंग 1853 मध्ये निजामाचे दिवाण झाले आणि त्यांनी कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणवली. ती चांगल्या जागांवर बसली, त्यांनी आपले भाऊबंद बोलावले, आणि स्थानिकांच्या पोटात दुखू लागलं. मुलकी आणि गैरमुलकी, म्हणजे राज्यातले आणि बाहेरचे, हे भांडण तिथलं. वाडी जंक्शनवरून निजामाची रेल्वे 1874 पासून सुरू होती. तिकीट काढून कुणीही हैदराबादेत उतरावं. अडायचं ते पुढे, नोकरीपाशी. आणि राज्याची मर्जी फिरली तर मुक्कामही संपायचा. बंगालमधून येऊन इथे शिक्षणाचं मोठं काम करणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, चांदा रेल्वेच्या योजनेला विरोध केला म्हणून 1883 मध्ये हद्दपार झाले. पुढे त्यांना परत येऊ दिलं, ही गोष्ट वेगळी.

मुलकी कोण, याचे नियम 1919 च्या फर्मानाने पक्के झाले. जन्माने राज्याची प्रजा असलेला मुलकी. मुलकीची बायको मुलकी. बाहेरून आलेल्याने 15 वर्षं कायम वस्ती केलेली हवी, शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असं ठराविक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र, मॅजिस्ट्रेटच्या साक्षांकनासह. कायद्याच्या भाषेत इतकं हळवं कलम मी दुसरं पाहिलेलं नाही. मनातून गाव गेलं की नाही, हे मॅजिस्ट्रेटने कसं ओळखायचं?

मराठी माणसाला या नियमाने मधोमध चिरलं. परभणीकडून हैदराबादेत येऊन वकिली गाजवणारे आणि न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर मुलकी. पुण्याहून आलेला, तीच भाषा बोलणारा आणि विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या सभेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा गैरमुलकी.

आजचा अमेरिकन विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसा बरोबर उलटा. तिथल्या कायद्याचं 214(ब) कलम अर्जदाराला कायमचा राहायला आलेलाच मानतं. आपण परतणार, हे त्यानेच पटवून द्यायचं. घर, नोकरी, आईवडील, सगळं खिडकीपुढे मांडायचं. एच-1बी मात्र या सक्तीतून सुटतो. तो धारण करणारा उघडपणे ग्रीनकार्डाची वाट पाहू शकतो, म्हणून हैदराबादच्या सॉफ्टवेअरवाल्यांना तो इतका प्यारा.

मुलकीचं पुढे राजकारण झालं. 1952 मध्ये शहरात गैरमुलकींविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं मेली. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि आपल्यापुरता विषय मिटला. तेलंगणात तो कोर्टकचेऱ्यांतून चालत राहिला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले, त्यावर आंध्र भागात रान पेटलं, आणि पुढच्याच वर्षी सहा कलमी तोडग्याने नियम गुंडाळले गेले.

त्या नियमांचा जाच खरा, पण त्यात वर्षं मोजली जात. पंधरा भरली की माणूस तिथला. साध्या अकाम्यात वर्षं साठत नाहीत. तो नोकरीला आणि कफीलला, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाला, बांधलेला. तीस वर्षं नूतनीकरण केलं तरी दरवेळी पाटी कोरी. सौदीने जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रितामागे महिना 100 रियाल शुल्क लावलं आणि दरवर्षी वाढवत 2020 मध्ये 400 वर नेलं. बायको आणि तीन मुलं असतील तर महिन्याला 1600 रियाल. अनेक हैदराबादी बापांनी हिशेब केला, घरच्यांना परत पाठवलं आणि स्वतः तिकडेच एका खोलीत चौघं-पाचजण मिळून राहू लागले.