हार्वर्डने भूगोल बंद केला, त्यानंतरची गोष्ट

निकाल लागले की घराघरात एकच विषय असतो: फॉर्म कुठला भरायचा. म्हणून आजचा भाग एका डिग्रीच्या इतिहासावर करतोय. डिग्री भूगोलाची.

आपल्याकडे भूगोल म्हणजे दहावीला ४० मार्कांचा पेपर, नकाशा भरा आणि कारणे द्या. कोणी डिग्रीला घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला, "यूपीएससी करणार का?" पण 'हा विषय विद्यापीठात हवाच कशाला' असं जगातल्या एका फार मोठ्या विद्यापीठानेही विचारलं होतं, आणि विचारून थांबलं नाही, विषय बंदच केला.

साल १९४८, हार्वर्ड. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. युद्धात अमेरिकेने भूगोलवाल्यांना वॉशिंग्टनला बोलावून कामाला लावलं होतं. ओएसएस या गुप्तहेर संस्थेतही त्यांची मोठी टीम होती. म्हणजे विषय उपयोगाचा आहे का, हा वाद खरं तर मिटलेला होता. हार्वर्डमध्ये मात्र भूगोल हा भूशास्त्र विभागाच्या पोटातला छोटा भाग होता. एडवर्ड अॅकरमन या तरुण प्राध्यापकाच्या बढतीचा प्रश्न निघाला आणि भूशास्त्रवाले अडून बसले: आमच्या वाट्याचा पैसा भूगोलाला का? चौकशी सुरू झाली. भूगोल म्हणजे नेमकं काय, हे भूगोलवाल्यांना पटेल असं सांगताच येईना. डोंगर भूशास्त्राचे, हवा हवामानशास्त्राची, बाजार अर्थशास्त्राचा, माणसं समाजशास्त्राची. मग तुमचं काय उरलं? आयझाया बोमन हे त्या काळातले अमेरिकेतले सगळ्यात वजनदार भूगोलतज्ज्ञ, आणि हार्वर्डच्या ओव्हरसीअर्स मंडळावरही होते. त्यांनीही ठाम बाजू घेतली नाही. अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी ठरवलं की भूगोल हा विद्यापीठाचा विषय नाही. संपलं. पुढे मिशिगनने १९८२ मध्ये आणि शिकागोने १९८६ मध्ये आपापले भूगोल विभाग बंद केले.

आता दुसरी बाजू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडा सरकारला देशाच्या जमिनीची मोजदाद करायची होती. कुठली जमीन शेतीला, कुठली जंगलाला, कुठली वन्यप्राण्यांना. एवढे नकाशे हाताने एकावर एक ठेवून बघायचे तर वर्षानुवर्षं जाणार. रॉजर टॉमलिन्सन नावाच्या भूगोलवाल्याने सुचवलं की हे काम कॉम्प्युटरला देऊ. त्यातून कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली आणि आज आपण ज्याला जीआयएस म्हणतो त्याची सुरुवात झाली. प्रोग्रॅमर आणि मशिन आयबीएमची होती, पण प्रश्न भूगोलाचा होता.

आणि हार्वर्ड? १९६५ मध्ये तिथेच कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी प्रयोगशाळा सुरू झाली. भूगोल विभाग नव्हताच, म्हणून ती उघडली वास्तुकलेच्या शाळेत. संस्थापक हॉवर्ड फिशर हे वास्तुविशारद. त्यांचा सिमॅप हा प्रोग्रॅम लाइन प्रिंटरवर अक्षरांवर अक्षरं छापून गडद-फिक्या छटांचे नकाशे काढायचा. त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या जॅक डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये पत्नी लॉरा यांच्यासोबत एझ्री ही कंपनी काढली. आज जीआयएस म्हटलं की जगभर पहिलं नाव तिचंच येतं. म्हणजे भूगोल घालवल्यावर १७ वर्षांनी हार्वर्डला त्याची गरज पडलीच, फक्त तोवर विभाग उरला नव्हता. २००६ मध्ये तर त्यांनी भौगोलिक विश्लेषणाचं वेगळं केंद्रच काढलं.

"सगळेच थोडंथोडं करतात, मग वेगळा विषय कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे पर्यावरणाच्या बाबतीत वेगळ्या रूपात आला. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. २००३ मध्ये कोर्टाला पुन्हा टोचावं लागलं, तेव्हा यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या पदवी शाखांना लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिलं. हेतू उत्तम होता. पण ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना 'ईव्हीएस'चा पेपर माहितीये: आदल्या रात्रीची झेरॉक्स आणि सकाळी पास. सगळ्यांचा विषय झाला की तो कोणाचाच राहत नाही.

हे सगळं आत्ता का सांगतोय? माझ्या मावसबहिणीची यंदा बारावी सायन्स झाली आणि तिला भूगोलात बीएस्सी करायचंय. मावशी मला म्हणाली, "अरे, तू नकाशांच्याच सॉफ्टवेअरवर काम करतोस ना? मग सांग तिला, आधी कॉम्प्युटरला जा. नकाशे काय, नंतर शिकता येतात."

मावशीचं अर्धं बरोबर आहे. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं, मी बीटेक करून तसंच शिकलो. उरलेल्या अर्ध्यासाठी एक उदाहरण घ्या. दोन ठिकाणच्या पावसाचे आकडे आहेत, मधल्या गावांचा अंदाज काढायचाय. लायब्ररीतलं एक फंक्शन चालवलं की अंतराच्या हिशेबाने आकडे मिळतात. आता ती दोन ठिकाणं महाबळेश्वर आणि वाई धरा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वाईत आलात की त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. मध्ये डोंगर आहे हे फंक्शनला माहीत नाही. कोडला एरर येत नाही, नकाशाही छान दिसतो, फक्त तो चुकीचा असतो. आणि त्यावर कोणी बंधाऱ्याची जागा ठरवली, तर? हे ओळखायला ज्याने डोंगर आधी वाचलाय असा माणूस टीममध्ये लागतो.

पण डिग्री घेतली म्हणजे झालं, असंही नाही. हार्वर्डमध्ये भूगोलवाले हरले कारण 'आम्ही काय करतो' हे त्यांना सांगता आलं नाही. पुढच्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम गॅरिसन यांचे विद्यार्थी संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर घेऊन भूगोलात घुसले. ब्रायन बेरी, वाल्डो टोबलर ही त्यातलीच नावं, आणि आजच्या जीआयएसचं बरंचसं गणित त्या पिढीपासून सुरू होतं.

म्हणून बहिणीला मी कॉलेजचं नाव बघू नकोस म्हटलं, तीन गोष्टी विचारून ये म्हटलं. संख्याशास्त्र किती सेमिस्टर आहे? सुदूर संवेदन आणि जीआयएसची लॅब खरंच चालू असते का? वर्षात किती दिवस प्रत्यक्ष फील्डवर नेतात? तिन्हींची उत्तरं बरी असतील तर खुशाल फॉर्म भर. नसतील, तर दुसरं कॉलेज बघ, किंवा दुसरीकडून पदवी घेऊन एमएस्सीला भूगोलात ये. पगाराची सुरुवात कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी असू शकते, हेही तिला आणि मावशीला स्पष्ट सांगितलं.

वेळ मात्र वाईट नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भौगोलिक माहिती तयार करण्यावरची पूर्वपरवानगीची अट भारतीय कंपन्यांसाठी काढून टाकली, आणि २०२२ च्या शेवटी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. सरकारी कामही आहेच: नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र, पुण्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा.

तर ऐकणाऱ्यांपैकी कोणी भूगोल किंवा पर्यावरण घेऊन शिकलं असेल, तर तुमच्या कॉलेजात या तीन प्रश्नांची उत्तरं काय होती, ते नक्की कळवा. फॉर्मची तारीख जवळ आलीये, बऱ्याच जणांना उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात.